डावीकडचा आवाज

कुठल्याही खोलीत शिरला की गोविंदा आधी एक टाळी वाजवायचा आणि मान वाकडी करून थांबायचा. पंखा बंद करायचा, कुणाला न विचारता. भिंतीवरचं घड्याळ उतरवून शेजारच्या खोलीत गादीखाली ठेवायचा. एसटीत दोन्ही माइक मांडीवर, लोकरी टोपीत गुंडाळलेले. थंडीतही ती टोपी डोक्यावर चढायची नाही. चहा फुरकणाऱ्याकडे तो असा बघायचा की दीपकला हसू आवरत नसे.

चिखलीत गोविंदाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. रविवारी तो गावोगावची भजनं रेकॉर्ड करायचा. दीपक त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त, मराठीत एम.ए., नोकरी नाही, म्हणून स्टँड उचलायला सोबत.

बीबी गावचे गुलाबराव आणि रंगराव हे सख्खे भाऊ खंजेरीवर भजन म्हणत. एकानं ओळ अर्ध्यावर सोडायची, दुसऱ्यानं तिथूनच उचलायची. जोड कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळत नसे. दोन वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटरीच्या पाळीवरून त्यांचं फाटलं. बोलणं बंद, भजन चालू. देवळात एक या खांबाशी बसे, दुसरा त्या खांबाशी. ओळ मधलं पंधरा फूट अंतर ओलांडून बरोबर पोहोचे.

ही जोडी गोविंदाला एकदा तरी नीट रेकॉर्ड करायची होती.

"माइक दोन हायेत ना तुह्यापाशी?" गुलाबराव म्हणाले. "मंग एक मले लाव, एक त्याले लाव. झगडाच मिटला."

रंगराव छताकडे बघत म्हणाले, "त्याचा माइक त्याच्या घरी नेऊन लाव म्हना. मी इथून म्हनतो."

देऊळभर हशा झाला. गोविंदा हसला नाही. त्यानं दोन्ही माइक एकाच स्टँडवर, एकावर एक, तोंडं तिरपी करून लावले. समोर एकच सतरंजी अंथरली.

"काका, दोघं इथं बसा. नाई तं राहू द्या."

कुणी उठलं नाही.

परतताना दीपक चिडला. "दूर दूर लावून घेतलं असतं तं काय बिघडलं असतं बे?"

"या कानात एक भाऊ, त्या कानात एक भाऊ, मधात खड्डा," गोविंदा म्हणाला. "थे एकमेकाचा श्वास ऐकून ओळ सोडतात. थो श्वास मले पायजे. अन् मी माइक दूर लावले, तं त्यायले दूर बसाले जागा मीच करून देल्ली."

दीपकला ते पटलं. त्यानं पुन्हा वाद घातला नाही.

चार रविवार गोविंदा आणि दीपक बीबीला गेले. चारही वेळा सतरंजी रिकामी राहिली. पाचव्या रविवारच्या आधी गुलाबरावांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. वाचा गेली.

फोन रंगरावांचा आला. "या. भाऊ बसतो म्हन्ते." मग स्वतःच दुरुस्त केलं, "म्हन्ते म्हंजे, हातानं दाखोलं त्यानं."

सतरंजीवर दोघे बसले, रंगरावांच्या खांद्याला टेकून गुलाबराव. गोविंदानं बटण दाबलं. रंगरावांनी ओळ धरली, अर्ध्यावर सोडली आणि सवयीनं थांबले. डावीकडे गुलाबरावांचे ओठ हलले. माइकमध्ये नुसता श्वास आला. रंगराव वाट बघत राहिले. मग उरलेली ओळ त्यांनीच पुरी केली. अशा अकरा ओळी.

दुकानात गोविंदानं हेडफोन दीपकच्या कानावर चढवला. उजव्या कानात भजन. डाव्या कानात श्वास.

"देवळातले लोक रेकॉर्डिंग मागून राह्यले," गोविंदा म्हणाला. "रंगरावकाकाचा आवाज मधात आणला तं थो श्वास दबते, गुलाबरावकाका उरतच नाई. नाई आणला तं लोक म्हन्तीन, याचा एक माइक बंदच होता. सांग ना, काय करू? तू शिकलेला ना बे."

दीपकनं हेडफोन उतरवून त्याच्यापुढे ठेवला.

आता रविवारी गोविंदा कुठे जात नाही. फोन दुरुस्त करतो, विचारलं तेवढंच बोलतो. पहिल्या दोन ओळींतलं रंगरावांचं थांबणं त्यानं कापून बघितलं आणि परत होतं तिथं बसवलं. तिसऱ्या ओळीपर्यंत येऊन काम तिथंच राहिलं आहे.