ट्यूब उलटी करून वाचणाऱ्या मालतीताई

मालतीताई वाळके यांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी मला औषध नाकारले तेव्हा. आज त्या साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्यासाठी हा गौरवग्रंथ निघतो आहे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या औषध दुकानदारांनी मला लिहायला सांगितले, तेव्हा ती दुपार पहिल्यांदा आठवली.

मी मूळची कासुर्डीची. शिक्रापूरला मावशीकडे राहून डी. फार्म. करत होते, शेवटचे वर्ष होते. ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या एका मैत्रिणीने मला गोरे होण्याचे एक क्रीम सांगितले होते. पहिल्या आठवड्यात चेहरा इतका उजळला की मावशीने दोनदा वळून पाहिले. पुढे बारीक पुरळ आले, उन्हात गेले की गाल भाजल्यासारखे होऊ लागले. दोन दिवस क्रीम बंद केले की चेहरा पेटायचा, म्हणून पुन्हा लावायचे. असे तीन महिने चालले. त्यातच रविवारी दौंडकडचे पाहुणे मला पाहायला येणार असे घरून कळले, आणि ट्यूब नेमकी संपली. नेहमीचे दुकान बंद होते, म्हणून हायवेच्या कडेला असलेल्या मालतीताईंच्या दुकानात शिरले.

रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवून म्हटले, "ही एक द्या."

ताईंनी ट्यूबकडे पाहिलेच नाही. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"कुणी लिहून दिली?"

"मैत्रिणीनं सांगितली."

"कवापास्नं लावतीस?"

"तीन महिने झाले."

त्यांनी ट्यूब उलटी केली आणि माझ्यासमोर धरली. "वाच मागं काय लिहिलंय त्ये."

मी वाचले. तीन नावे होती, तिन्ही मी घडाघड वाचली.

"ह्यातलं दुसरं काय हाय, ठावं हाय का?"

"स्टिरॉइड," मी तोंडी परीक्षेत द्यावे तसे उत्तर दिले, आणि आपण काय बोललो ते कळून जीभ चावली.

"शिकतीस काय गं तू?"

"डी. फार्म. शेवटचं वर्ष."

ताई हसू लागल्या. इतक्या मोकळेपणाने की खोकल्याचे औषध घ्यायला उभे असलेले एक बाबा कशावर ते न कळताच हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडू लागले. मग ताई काउंटरच्या बाहेर आल्या, मला स्टुलावर बसवले, पाणी दिले.

"ही आता सोडायचीच. पर सोडली की आधी तोंड आणखी पेटंल, म्हणून माझ्या मनानं मी काही देणार न्हाई. त्वचेच्या डॉक्टरांकडं जायचं."

"पण ताई, रविवारी पाहुणे येणारेत."

"येऊ दे की. पाहुण्यांना पोहे द्यायचेत का तोंड?"

त्यांनी शिरूरच्या एका त्वचेच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीचा नंबर मिळवून दिला. जाताना बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर तेवढे हातात ठेवले. रविवारी मी लाल चेहऱ्याने पाहुण्यांसमोर बसले. मुलाच्या आईने विचारले, तेव्हा सरळ सांगितले की चुकीचे क्रीम लावले होते, आता बंद केले आहे. चार दिवसांनी नकार आला. वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला मात्र फार दिवसांनी हलके वाटत होते. चेहरा निवळायला आठ महिने लागले. तोवर परीक्षा झाली होती, आणि प्रशिक्षणासाठी कुठे जायचे हे मी कधीच ठरवून टाकले होते.

ताईंच्या दुकानात एक गोष्ट नव्या माणसाच्या लगेच लक्षात येते. चकचकीत खोक्यांची क्रीमे मागच्या फळीवर असतात आणि समोर, हाताशी, व्हॅसलीन, कॅलामाइन, साधा साबण, सनस्क्रीन. भाजीच्या रानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाया टाचांच्या भेगांसाठी टीव्हीवर पाहिलेली डबी मागतात. ताई त्यांना कोमट पाण्यात पाय ठेवायला, पुसून लगेच व्हॅसलीन चोळायला आणि मोजे घालून झोपायला सांगतात. "मोजं घालून झोपू व्हय?" असे म्हणत गेलेली बाई पंधरा दिवसांनी जावेला घेऊन येते. मुरुमांनी वैतागलेल्या पोरांना त्या कमी ताकदीचे एक जेल देतात आणि बजावतात, "रातच्याला वाटाण्याएवढंच घ्यायचं. फोडायच्या न्हाईत. सहा आठवडं धीर धरायचा. आन् टॉवेल पांढरा वापर, ह्यानं कापडाचा रंग उडतो." नवे काही घेतले की आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहायचे, एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करायची, आणि दोन आठवड्यांत कोणताही चट्टा उतरला नाही तर दुकानात न येता डॉक्टरांकडे जायचे, हे त्या इतक्यांदा सांगतात की शेजारचा चहावालाही आता आपल्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो.

आसपासच्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुली सुटीच्या दिवशी गोरे होण्याचे क्रीम मागायला येत. अशाच एका मुलीला ताई एकदा म्हणाल्या, "काळी हाय म्हंजी आजारी हाय व्हय तू? मी आजाराला औषध देती." ती मुलगी सनस्क्रीन घेऊन गेली, आणि जाताना काचेच्या दारात स्वतःला नीट पाहून गेली.

ताईंचे खरे मोठेपण मला कळले ते माझ्याच चुकीतून. मी तेव्हा नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून त्यांच्याकडे नोकरीला लागून थोडेच महिने झाले होते. ताई त्या दिवशी कोरेगाव भीमाला, माहेरी गेल्या होत्या. कंपनीची शिफ्ट सुटली आणि काउंटरवर झुंबड उडाली. एक तरुण कामगार खाजेच्या ट्यूबचे नाव घेऊन घाई करत होता, "दीदी, जल्दी दो ना, दोस्त आगे निकल जाएँगे." डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत ती औषधे आम्ही तळच्या खणात ठेवत असू. मी खण उघडला आणि ट्यूब देऊन टाकली. त्यातही स्टिरॉइड होते. जे माझ्या गालांवर होते तेच.

ताई तासाभराने परत आल्या. मी स्वतःच सांगितले. वाटले, आता ओरडतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि एवढेच विचारले, "राहतो कुठं?"

"पाण्याच्या टाकीमागं खोली आहे, असं फोनवर कुणाला तरी सांगत होता."

"चल मग."

दुकान त्यांच्या यजमानांवर सोपवून आम्ही निघालो. टाकीमागे भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच रांगा आहेत. दिवस मावळत होता, दारादारात स्टोव्ह पेटले होते. ताई प्रत्येक दारात जाऊन विचारत होत्या, "आत्ता मेडिकलसे खुजलीका ट्यूब कौन लाया?" कुणी हसत होते, कुणी लाजून आत जात होते. एका खोलीतून तर तिघे पुढे आले आणि प्रत्येकाने आपापली वेगळीच ट्यूब दाखवली. मी शरमेने मान वर करत नव्हते. ताई मात्र लग्नाची पत्रिका वाटायला निघाल्यासारख्या पुढच्या दाराकडे जात होत्या.

तिसऱ्या रांगेत तो सापडला. सूरज त्याचे नाव. एका खोलीत सहा जण राहत होते, आणि ट्यूब एव्हाना हातोहात फिरत होती. कंबरेला, जांघेत, काखेत सगळ्यांनाच गजकर्ण झाले होते.

"ये ट्यूब वापस देव," ताई म्हणाल्या. "इससे खुजली दबती है, मरती नहीं."

"लेकिन आंटी, पहले भी यही लगाते थे. दो दिन में आराम हो जाता था."

"और फिर?"

सूरजने मित्रांकडे पाहिले. "फिर और फैल जाता था."

ताईंनी खोलीभर नजर फिरवली. खिडकी नसलेल्या कोपऱ्यात दोरीवर ओले कपडे वाळत होते.

"टॉवेल कितने है?"

"दो."

"आदमी?"

"छह."

ताई दारातच बसल्या आणि त्यांनी त्या सहा जणांना अर्धा तास शिकवले. टॉवेल ज्याचा त्याचा, कपडे उन्हात वाळवायचे, घट्ट जीन्स काही दिवस नको, आणि उपचार सहाही जणांनी एकदमच करायचे, नाहीतर एकाचे दुसऱ्याला होत राहील. आधी अशीच ट्यूब वापरली होती आणि चट्टे पसरले होते, म्हणून यावर दुकानातले साधे मलम पुरणार नाही, डॉक्टर हवेत, हेही सांगितले. खाडा पडेल म्हणून ते कचरत होते. ताईंनी गावातल्या डॉक्टरांना तिथूनच फोन करून शिफ्टच्या आधीची वेळ मागून घेतली.

आम्ही परत निघालो. वाटेत ताई स्वतःहून बोलल्या.

"माझी आई शेवंती तोडायची. हाताला खाज सुटायची तिच्या. मी नवीन दुकान टाकलं होतं, अशीच एक ट्यूब तिला मीच दिली. बरं वाटायचं तिला, म्हणून देत ऱ्हायले, चार वर्सं. हाताची कातडी कागदासारखी झाली. बांगडी लागली तरी रगात यायचं. मी तवा ट्यूबचं फकस्त नाव वाचायची, मागचं वाचायची न्हाई."

त्या पुढे म्हणाल्या, "तिनं मला कवाच बोल लावला न्हाई. म्हणून मी तुला लावणार न्हाई. पर तू बी माझी चूक दिसली की सांगायची. लाजायचं न्हाई."

दोनेक महिन्यांनी एका रविवारी सकाळी ते सहाही जण दुकानात आले. दुकान भरलेले होते. सूरजने काही कळायच्या आत शर्ट वर करून कंबर दाखवली, "आंटी, देखो, एकदम साफ!" आणि पाठोपाठ बाकीच्या पाचांनीही शर्ट वर केले. "अरे नीचे करो, नीचे करो! दुकान है, कुस्तीका आखाडा नहीं!" असे ओरडताना ताईंचा चेहरा आनंदाने फुलला होता. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अब आठ टॉवेल हैं," सूरजने अभिमानाने सांगितले, "दो मेहमानों के लिए."

मी कासुर्डीला स्वतःचे दुकान काढले, तेव्हा ताई पहिल्या दिवशी सकाळपासून येऊन बाकावर बसल्या होत्या. आमच्या वस्तीवरचे आप्पा मान आणि चेहरा खाजवत आले आणि उष्णतेचे मलम मागू लागले. मी ताईंकडे पाहिले. त्या मुद्दाम रस्त्याकडे पाहत बसल्या. मीच आप्पांना विचारत गेले आणि कळले की बांधावरचे गाजर गवत उपटले की हा त्रास वाढतो. मी त्यांना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेला उपरणे वापरायला, गवताला हात न लावायला सांगितले आणि डॉक्टरांकडे पाठवले. "मेडिकल टाकलंस आन् औषध देत न्हाईस, व्हय?" आप्पा चिडून गेले. ताईंनी पिशवीतून पेढा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता मी जाती. माझं काम न्हाई हितं." आप्पा आज माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक आहेत.

या ग्रंथासाठी ताईंचा फोटो काढायला आम्ही छायाचित्रकार पाठवला होता. त्याने हौसेने संगणकावर फोटो सजवून पाठवला. सुरकुत्या गेल्या होत्या, रंग चांगला चार छटा उजळला होता. ताईंनी तो पाहिला आणि विचारले, "ही कोण हाय? माझी धाकटी भन?" त्यांना धाकटी बहीण नाही. फोटो परत गेला, आणि मुखपृष्ठावर आपण पाहता आहात तो जसा निघाला तसाच छापला आहे. उन्हात रापलेला, नाकावर चष्म्याचा वण असलेला, आणि छायाचित्रकाराच्या कसल्याशा बोलण्यावर हसू आवरता न आलेला हा चेहरा.

मालतीताई, आपली तब्येत उत्तम राहो, काउंटरवर उभे राहायचे बळ पायांत अजून अनेक वर्षे टिको. या चेहऱ्यावर अजून पुष्कळ सुरकुत्या पडोत, आणि त्या सगळ्या हसण्याच्याच असोत.