म्हातारी गाडी आणि कल्लाप्पा मिस्त्री

जुन्या गाड्यांच्या आमच्या क्लबात माणसं दहा, गाड्या सहा आणि किस्से किती ते मोजायचं आम्ही कधीच सोडलं! नवी गाडी घेऊन निघालात, की तुम्ही जाता आणि येता. जुनी घेऊन निघालात, की जाताना एक किस्सा, येताना एक. आणि कधीकधी येणंच होत नाही, तो तिसरा.

मी कोल्हापुरात शाळेत भूगोल शिकवायचे. वडिलांचे ट्रक होते, त्यामुळे स्टिअरिंग लहानपणापासून हातात. नव्वदच्या सुमाराला कळलं, की जयसिंगपुरात एका व्यापाऱ्याच्या गोदामात सत्तर वर्षांची विलायती गाडी धूळ खात पडलीय. वडिलांच्या ट्रकांचा जुना मिस्त्री कल्लाप्पा याला घेऊन मी गेले. सौदा ठरला, ओढून न्यायला दोर बांधला, आणि व्यापाऱ्याच्या पत्नी, अक्का, बॉनेटसमोर उभ्या राहिल्या.

"गाडी न्या, पर आज न्हाई. मागच्या सीटवर मांजर व्यालीया. पिल्लं जरा हिंडूफिरू लागूदेत की!"

तीन आठवडे थांबलो. मग ट्रकला बांधून गाडी निघाली. मी स्टिअरिंगवर, कल्लाप्पा शेजारी. हातकणंगल्याच्या पुढे सीटखालून बारीक आवाज आला. एक पिल्लू राहिलं होतं! डुलक्या घेणारा कल्लाप्पा ताडकन उठून बसला.

"बाई, इंजिन बोललं!"

•

इंजिन खरोखर बोलायला दीड वर्ष लागलं. त्यानंतर अडला क्लच. त्या काळच्या क्लचला चामड्याचा पट्टा असायचा, आणि आमचा कुजून गेलेला. विलायतेला पत्रं पाठवली, उत्तर नाही. एक दिवस कल्लाप्पा चपला करणाऱ्याकडे गेला, म्हशीचं जाड कातडं घेऊन आला, एरंडेलात मुरवलं आणि बसवलं. गाडी लोण्यासारखी सुटली!

"कल्लाप्पा, अहो, पायताणाचं कातडं गाडीला?"

"मग? क्लच बी पायाखालीच असतोय की!"

•

हीच गाडी पुण्याच्या प्रदर्शनात नेली. टायवाले एक परीक्षक आले. खाली वाकले, क्लचचा पट्टा बोटाने चाचपला, खूश झाले. "वा! लेदर इंग्लंडचं दिसतंय."

कल्लाप्पा त्यांच्या कानाशी गेला.

"न्हाई सायब, शिरोळच्या म्हशीचं हाय. पर हळू बोला, गाडीला अजून म्हाईत न्हाई!"

परीक्षक इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पहिलं बक्षीस आम्हाला!

•

क्लबचे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांची गाडी अमेरिकन, लांबीला एसटीएवढी. एकदा एप्रिलमध्ये सगळे नृसिंहवाडीला निघालो आणि भर दुपारी तिचा रेडिएटर उकळला. बापूसाहेब रुमालाने वारा घालतायत. बापूसाहेबांना नाही, गाडीला! एक शेतकरी थांबला. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा उन्हाकडे.

"पावणं, हिला उन्हाची कशाला काढलासा? आमची म्हस बी या वक्ताला पाण्यात असतीया!"

आणि स्वतःच विहिरीवरून दोन घागरी आणून दिल्या. गाडी वाडीपर्यंत कुरकुरली नाही.

•

पण पन्हाळा म्हणजे आमचं दुखणं. क्लबच्या टूरला लागोपाठ तीन वर्षं माझी गाडी शेवटच्या चढाला बंद पडली, ढकलून कडेला लावली. चौथ्या वर्षी बापूसाहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मॅडम, यंदा जी गाडी आपल्या चाकांवर वर येणार नाही, तिचं टूरमधलं नाव बंद. प्रदर्शनापुरती ठेवा. लेडीज गाडी आहे, सपाटीची!"

मला रात्रभर झोप नाही. सकाळी कल्लाप्पा म्हणाला, "बाई, दोष इंजिनाचा न्हाई. टाकी सीटखाली. चढाला नाक वर झालं, की पेट्रोल फुडं जाईतच न्हाई. टाकी वर आन् इंजिन खाली ऱ्हायलं पायजे."

"ते कसं होणार?"

"उलटं जायचं!"

शेवटच्या चढाच्या तोंडाशी मी गाडी वळवली आणि रिव्हर्स टाकला. मान मागे, हात भरून आलेले. पण इंजिन एकदाही अडखळलं नाही! मधल्या वळणावर बापूसाहेब बॉनेट उघडून वाफेत उभे होते. मला मान वळवता येईना, म्हणून नमस्कार कल्लाप्पाने केला. बापूसाहेब आता त्याच्या तोंडासमोर होते ना, दिसेनासे होईपर्यंत करत राहिला.

गडाच्या नाक्यावर आम्ही पाठमोरे पोचलो. मला ओरडावंसं वाटत होतं. नाकेवाल्याने हेडलाइटकडे बघितलं, गाडीचं तोंड कोल्हापूरकडे आहे हे बघितलं आणि खुर्चीतून उठून हात हलवला.

"निघालासा व्हय पावणं? या की परत पन्हाळ्याला!"