कुलूपमावशीचे ओठ

भिंतीला कान असतात, असं आपण म्हणतो. म्हणजे जरा हळू बोल, पलीकडे कुणीतरी ऐकतंय. ही म्हण आली कुठून, यावर गप्पिष्टांची दोन मतं आहेत. एक म्हणतात, कुणा संशयी राजाने महालाच्या भिंतीत पोकळ नळ्या बसवून पाहुण्यांचं बोलणं ऐकलं. दुसरे म्हणतात, राजाबिजा सोडा हो, पातळ भिंतीचं घर आणि रिकामटेकडी शेजारीण असली की झाली म्हण तयार. दुसऱ्यांचंच खरं असावं.

मागाच्या कारखान्यात मात्र या म्हणीचं काही चालत नसे. तिथे माग असे खडखडायचे, की भिंतीला काय, माणसालाही कान उरत नसत. बाया आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या आणि समोरची ते वाचायची. सासूच्या चहाड्या विणकाम खात्याच्या या टोकाहून त्या टोकाला अशा बिनबोभाट जायच्या.

तिथे माग चालवणाऱ्या एका विधवेला सगळे कुलूपमावशी म्हणत. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा तुरुंगात गेला, सगळं तिच्यापाशी यायचं आणि तिथेच राहायचं. या कानाचं त्या कानाला कळत नसे. ‘माझ्या पोटात गेलं ते गेलं,’ असं ती जरा तोऱ्यातच सांगायची. एक खोड मात्र तिने कधी मनावर घेतली नव्हती. जन्म असा ओठांनी बोलण्यात गेल्यामुळे मनात जे घोळे, तेही तिच्या ओठांवर उमटायचं. कांदा चिरताना लेक हसायची, ‘आई, कुणाशी बोलतेस?’

तिच्या मागाला सुताच्या कांड्या भरून देणारी कांडीवाली तिची जिवाभावाची. कांडीवालीचा नवरा त्याच कारखान्यात जॉबर होता, मागांची दुरुस्ती करायचा. बाहेर जिभेवर साखर, घरात हात उगारलेला. अलीकडे तो हात पोरीवरही पडू लागला होता.

एके दिवशी कांडीवालीने तोंडाशी तळव्याचा आडोसा धरला.

‘मावशी, गुरुवारी हे पहिल्या पाळीला गेले की मी पोरीला घेऊन निघते. सकाळची बस, भावाकडे. पिशवी तुमच्याकडे ठेवू?’

‘ठेव. अगं, विचारतेस काय?’

बुधवारी काम सुटल्यावर मावशी रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत उभी होती. पिशवी तिच्या पलंगाखाली होती आणि जीव त्या पिशवीत. उद्या गुरुवार. तो पाळीला गेला की ती पोरीला घेऊन निघेल. सकाळची बस. समोरच्या टपरीवर जॉबर चहा पीत बसला होता. त्याने मान लववून नमस्कार केला. मैत्रिणीचा नवरा, म्हणून तिनेही केला.

गुरुवारी कांडीवाली स्टँडवर पोचली, तर जॉबर आधीच बाकावर बसलेला. तो उठला. पोरीचा हात धरून घराकडे चालू लागला, आणि आई मागोमाग गेली. त्या दुपारी त्या घरातले आवाज शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांनी ऐकले. भिंतींना कान होते, चांगले तिखट होते. दार ठोठावायला एकालाही हात फुटला नाही, मेल्यांनो!

कांडीवाली कामावर परतली ती जबडा बांधूनच. जिन्यावरून पडले, असं तिने सगळ्यांना सांगितलं. मावशीसमोर आली तेव्हा ओठ जेमतेम हलले.

‘कुणाला सांगितलंत?’

‘कुणाला नाही गं! लेकीची शपथ!’

कांडीवालीने तिच्याकडे एकदा नीट बघितलं, कांड्यांची टोपली मागाशी ठेवली आणि पाठ फिरवली.

मग एकदा मावशीचा माग बिघडला. जॉबरने तो सुरू करून दिला, हात पुसले आणि तिच्याकडे बघत सावकाश ओठ हलवले.

‘मावशी, उपकार झाले तुमचे. त्या दिवशी बसच्या थांब्यावर तुम्हीच सगळं सांगितलंत.’ तो हसला. ‘मीपण याच खात्यात म्हातारा झालोय. रस्ता तो केवढा!’

मावशीने आपलेच ओठ बोटांनी चाचपले. आपण फितूर झालो नाही, हे कांडीवालीला कळायलाच हवं होतं. नाहीतर पुन्हा निघायची वेळ आली, तर ती आता कुणाच्याच दारात जाणार नव्हती. पण बाहेर गाठ पडायची सोय नव्हती, जॉबर तिला आणायचा आणि घेऊन जायचा. उरलं खातं. खात्यात काही सांगायचं तर समोरच्या माणसाने बघावं लागतं, आणि कांडीवालीने मावशीकडे बघणं सोडलं होतं.

मावशी माग तसाच चालू ठेवून तिच्यामागे जाऊन उभी राहिली. खांद्याला हात लावला, तो झटकला गेला.

‘माझ्याच तोंडून गेलं गं, बाई!’ ती ओरडली, खरोखरीच्या आवाजात, घसा फाटेस्तोवर. ‘मला कळलंच नाही!’

तिचं तिलासुद्धा ऐकू आलं नाही. कांडीवाली पाठमोरी, खाली मान घालून कांड्या भरत होती.