तिसऱ्या गिअरची फडकी

ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करायचे. माझ्या म्हाताऱ्यानं, खाम्फाननं, थायलंडमधल्या रोई-एतच्या या गावात चाळीस वर्षं हेच केलं आणि कमरेची वाट लावून घेतली. तिला तेल चोळून माझेही हात गेले.

म्हणून पिकुन दारात दिसली तेव्हा मी कपाळावर हात मारला. नवऱ्यामागे तिची सगळी भातशेती एका जुन्या ट्रॅक्टरवर चालते.

"काका, तिसरा गिअर परत सुटतोय. नांगर लावला की खाडकन बाहेर!"

"दोनदा उघडलाय तो," मी म्हणाले. "आता उघडला तर या म्हाताऱ्यालाच जोडायला मिस्त्री आणावा लागेल."

"मग भंगारात घालते," ती म्हणाली आणि खाली बघत राहिली.

म्हातारा भिंतीला धरून उठला.

शेतात त्यानं गिअरबॉक्समधलं थोडं तेल तळहातावर घेऊन उन्हात धरलं. लोखंडाचा कण नव्हता. म्हणजे दाते शाबूत. मग गिअरचा दांडा तिसऱ्यात टाकला. सोडला की सुटायचा, हातानं दाबून धरला की राहायचा. तो बराच वेळ दांड्याच्या बुडाकडे बघत बसला. मला वाटलं, कंबर धरली.

"दांडा पुरता आत जातच नाही गं," तो म्हणाला.

जाणार कसा? बुडाशी रंगीत फडक्यांचा हा एवढा गठ्ठा! आमच्याकडे मानतात, गाडीत देवी राहते. नांगरणीआधी तिला नवं फडकं बांधायचं आणि जुनं सोडायचं नाही, नाहीतर ती रुसते. दुरुस्तीच्या वेळी म्हातारा गठ्ठा वर सरकवायचा आणि काम झालं की स्वतःच्या हातानं आणखी एक फडकं चढवायचा. महिनाभर बरं चालायचं. मग गठ्ठा घसरून दांड्याखालच्या पत्र्याला अडायचा.

त्यानं हात जोडले आणि एकेक गाठ सोडली. पिकुन नांगरासकट पूर्ण शेताला फेरी मारून हसत आली. गिअर सुटला नव्हता.

म्हातारा हसला नाही. "दोनदा उगाच दुभागला मी तुझा ट्रॅक्टर, पोरी. खोट माझ्या नजरेत होती."

पिकुननं रिवाजाप्रमाणे नवं फडकं आणलं होतं. तिनं दांड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि खाली बसून ते त्याच्याच कमरेला गुंडाळलं.

"देवी रागावेल," तो पुटपुटला.

"रागावू दे. घट्ट बांध गं," मी म्हणाले. "दोन्ही वेळा ट्रॅक्टर त्या कमरेनंच पेललाय."