सातव्या चंद्राच्या विधवेचा पाय

आमच्या सान हासिंतोच्या पांढऱ्या वाळूत दोनच गोष्टी मिळतात. एक शेळीच्या लेंड्या, आणि दुसरे दर ऑक्टोबरात येणारे खुळे. लेंड्या निदान चुलीत घालता येतात.

हे खुळे राजधानीहून येतात, मोन्तेर्रे शहराहून येतात. सुटलेली पोटं चंदेरी कापडात कोंबलेली, डोक्यावर तारांची शिंगं. पन्नासेक वर्षांमागं इथं ‘सातव्या चंद्राची विधवा’ नावाचा सिनेमा काढला होता. माणसं रॉकेटात बसून चंद्रावर जातात, तिथं मुखवट्याची राणी भेटते, ती सगळ्यांची राख करते आणि शेवटाला अनवाणी, एकटी, वाळूतनं चालत निघून जाते. झालं. एवढ्यासाठी हे लोक वाळूत गुडघे टेकतात आणि ती बाटलीत भरून घरी नेतात. मी बोकड कापणारा माणूस, माझा कळप रोज त्याच वाटेनं जातो. त्या बाटल्यांत काय काय गेलंय ते मला ठाऊक आहे. मी सांगत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेत आपण कशाला नाक खुपसायचं.

इथला त्यांचा म्होरक्या एवेलियो. बाप्तिस्म्याला त्याला मीच हातावर धरला होता, धर्मबाप म्हणून; आमच्यात पाद्रिनो म्हणतात. तेव्हा मला चार शब्द बोलायचा अधिकार आहे. नगरपालिकेत जन्म-मृत्यूचे दाखले देतो. खुर्चीला चिकटून चिकटून त्याचा असा समज झालाय, की कागदावर नाही ते जगात झालंच नाही. सिनेमातलं अक्षर अन् अक्षर पाठ. शिकवण्या करणाऱ्या मास्तरासारखा सांगत सुटतो, की राणीच्या त्या शेवटच्या चालीसारखी चाल जगात कुठल्या नटीला जमली नाही. डोकं दगडासारखं स्थिर, अंग पाण्यासारखं. त्या चालीचा एक मोठा फोटो त्यानं भिंतीवर लावला होता. त्याच्याखाली मेणबत्ती. बापाच्या फोटोला खिळासुद्धा धड नाही.

आता त्याच्या आईचं सांगतो. तोमासा. माझी शेजारीण, आणि पोराच्या धर्मनात्यानं मी तिचा कोंपाद्रे, ती माझी कोमाद्रे. अठरा वर्षांची असताना ती लांबच्या झऱ्यावरनं पाणी आणायची, डोक्यावर पत्र्याचा डबा, हात मोकळे. थेंब सांडायचा नाही. उजव्या पायावर गाढवानं खूर ठेवला होता, तेव्हापासनं करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. सिनेमावाले आले तेव्हा अर्धं गाव चंद्रावरचं झालं होतं. मीही झालो होतो. थडग्यांवरच्या क्रुसांना फासतात तोच रुपेरी रंग आमच्या अंगाला फासला, पंधरा दिवस खाजवत होतो.

राणी होती इर्मा लास्कानो. देखणी, तोंडानं फाटकी. भर दुपारी तापलेल्या वाळूत अनवाणी चालायचं आणि वर तो शिशाचा मुखवटा, म्हटल्यावर बाई गाडीत जाऊन बसली ती उतरेचना. मग कुणाची तरी नजर डबा घेऊन चाललेल्या तोमासावर पडली. तिच्या डोक्यावर मुखवटा चढवला, अंगाला पांढरं कापड गुंडाळलं, आणि चाल म्हणाले. ती चालली. दुसरं काय करणार, रोजच चालत होती. तळपायाला फोड आले. त्यावर लावायला मलम मिळालं आणि पीचचे दोन डबे. नाव कुणी लिहून घेतलं नाही.

गावात हे सगळ्यांना ठाऊक. एवेलियो बारा वर्षांचा असताना चौकात पडदा लावून तो सिनेमा दाखवला, तेव्हा तिनं त्याच्या कानात सांगितलं, ती बघ, मी. पोरगं हरखलं. पण मोठं झालं, खुर्चीत बसलं, कुठनं तरी कलाकारांची छापील यादी मिळवली. तीत आईचं नाव नाही. मग आईला म्हणाला, “आई, चारचौघांत असलं बोलत जाऊ नकोस. लोक हसतात.”

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मला एकदाच म्हणाली, “कोंपाद्रे, मला फोटो नको, टाळ्या नकोत. त्याच्या तोंडातनं एकदा येऊ दे, की आई, तू होतीस. मग मी मरायला मोकळी.”

गेल्या ऑक्टोबरात एवेलियोनं पराक्रम केला. जिवंत उरलेले दोन नट त्यानं इथं आणले. एक रॉकेटाचा कप्तान, नव्वदीचा, ठार बहिरा. त्याला खुर्चीत बसवलं तो झोपला. मधेच खोकला, तर खुळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक धटिंगण तर रडला. आईच्या खोकल्याला या माणसानं कधी पाणी तरी दिलं असेल का, देव जाणे.

दुसरी इर्मा लास्कानो. काठी, काळा चष्मा, ओठांना लाली. दोरांनी ताणलेल्या कापडी छताखाली टेबलाशी बसून ती सह्या करत होती. वारा सुटला होता, म्हणून एवेलियोनं मला छताचा दोर धरून उभा केला होता. पाद्रिनो, तुमचे हात दणकट आहेत, म्हणाला. गोडबोल्या. तोमासाची चूल त्यानं टेबलामागंच मांडायला लावली, मक्याच्या जाड भाकरीत घेवड्याचा लगदा भरून ती पाहुण्यांना द्यायची. पण धूर आणि म्हातारी फोटोत येऊ नये म्हणून मधे चादर बांधली. चादर जमिनीपर्यंत पोचत नव्हती. खाली वीतभर फट होती, तीतनं तिच्या जुन्या वहाणा दिसत होत्या.

रांगेत सगळ्यांच्या पुढं एवेलियोचा मान. भिंतीवरचा तो फोटो काचेतनं काढून त्यानं आणला होता. तीस वर्षं या सहीची वाट पाहिली, असं तो बाईला म्हणाला, आणि ती चाल कशी साधली ते विचारलं.

बाईनं चष्मा वर केला. फोटो नाकाशी धरला.

“बाळा, हा पाय माझा नाही,” ती म्हणाली. “माझी बोटं सरळ आहेत. ही करंगळी बघ, शेजारणीच्या मांडीवर बसलीय. मी त्या दिवशी गाडीत कलिंगड खात होते. गावातली कुणी पोर चालली. डोक्यावर डबा घेऊन फिरायची. आम्हाला कुणाला तसं चालता आलं नसतं.”

एवेलियोनं फोटोकडं पाहिलं. तीस वर्षं मेणबत्ती लावली, पण पाय काही पाहिला नव्हता. मग त्याची नजर हळूहळू चादरीखाली गेली. वहाणेतनं ती करंगळी बाहेर आलेली, शेजारच्या बोटावर चढलेली, राखेनं पांढरी. तो बघत राहिला. मी दोर आवळून धरला. वाटलं, आता चादर ओढतोय हा.

मागनं एका चंदेरी पोटानं विचारलं, “काय म्हणाल्या हो बाई?”

एवेलियो वळला. “म्हणाल्या, सगळं काल घडल्यासारखं आठवतंय.”

मग तो टेबलावर वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “सेन्योरा, तरी सही करा. लोक खोळंबलेत.”

“दुसऱ्याच्या पायावर?”

“करा. इथं खाली करा.” त्यानं बोट ठेवलं ते बरोबर त्या करंगळीवर.

बाईनं खांदे उडवले. जाड काळ्या शाईत नाव ओढलं. पाय त्याखाली गेला. एवेलियोनं शाईवर फुंकर घातली, फोटो छातीशी धरला, आणि टाळ्या पडल्या. कप्तान दचकून जागा झाला.

मी दोर सोडून दिला. छत गेलं उडत, खुळे त्याच्यामागं धावले. मी चादरीमागं गेलो. तोमासा तव्यावरची भाकरी उलथत होती. चार हातांवरचं बोलणं, तिला सगळं ऐकू गेलं होतं.

“कोंपाद्रे,” ती म्हणाली, “ती बाई सकाळधरनं उपाशी असंल. ही गरम हाय, नेऊन द्या तिला. बोलली खरं.”

“आणि एवेलियोला?”

तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, वाळूत घासून विझवलं.

“त्याचं प्वाट भरलंय,” म्हणाली. “सही मिळाली न्हवं.”