बोलता येईल इतक्या वेगाने

मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी आमची ही जिना उलटी उतरली. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्यावर आणि एकेक पाय मागे. तिसऱ्या मजल्यावरून खाली पोचायला तिला अकरा मिनिटं लागली. मी लिफ्टचा मेकॅनिक. दुनियेच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत, यावर करायचे ते विनोद शेजाऱ्यांनी केव्हाच करून घेतलेत. त्या दिवशी तळमजल्यावरच्या काकूंना नवा सुचला. "निदान बायकोसाठी तरी एक बसवा हो!"

"आज रजा टाक ना," मी म्हटलं.

"चादरींच्या घड्या काय तुम्ही घालणार?" ती म्हणाली आणि उतरत राहिली.

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. ओलसर चादर गरम रोलरमध्ये सरळ सोडायची, पलीकडून निघाली की जोडीदारणीबरोबर कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालायची. एका पाळीत सहाशे चादरी, उशांचे अभ्रे वेगळे. आठ तास उभं राहायचं, आणि वाफ अशी की चष्मेवाल्याने त्या खोलीत पाऊलच टाकू नये. तिथे तिला सगळे एक्सप्रेस म्हणतात. ती पळायला लागली त्याच्याही आधीपासून म्हणतात, कारण हातात घेतलेलं काम संपेस्तोवर ही बाई मधे कुठे थांबत नाही.

पळणं सुरू झालं सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी चार वर्षं माझी आई अंथरुणाला खिळून होती. कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, वर तिची बोलणी खाणं, सगळं हिने केलं, लाँड्रीत संध्याकाळची पाळी मागून घेऊन. मी सकाळी "काही लागलं तर फोन कर" म्हणायचो आणि कामावर जायचो. आई गेली आणि ही गप्प झाली. रडणं नाही, भांडणं नाही. विचारलं तर हो, नाही, बघू. पाच महिने घरात आवाज होता तो फक्त भांड्यांचा. मग लाँड्रीतली कोणीतरी तिला एक दिवस मैदानावर घेऊन गेली. परत आली ती लालबुंद होऊन, आणि दारातच माझ्यावर खेकसली, "हे बूट काढायची जागा आहे का?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, ही पळतेय तोवर घर धडपणे चालणार.

म्हणून मॅरेथॉननंतर मला धास्ती होती. एवढं मोठं काम झालं की माणूस रिकामं होतं, हे मी ऐकून होतो. ती पुन्हा गप्प झाली तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

मैदानावरच्या मास्तरांनी तिला नियम घालून दिला होता. हे शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. "जितके किलोमीटर पळालात तितके दिवस अंगाला ताण द्यायचा नाही. म्हणजे बेचाळीस दिवस. पहिले दोन आठवडे नुसतं चालायचं, मग हळूहळू पळायचं. त्यानंतरच्या रविवारी दहा किलोमीटरची शर्यत आहे, ती मजेत पळून टाका." मी लगेच तिचं नाव नोंदवून टाकलं. तिला विचारलंही नाही.

एक्सप्रेसला हळूहळू कुठून जमणार? नवव्या दिवशी चालायला म्हणून गेली आणि पळाली. पंधरा मिनिटांत परत. मी डबा घेऊन खाली उतरलो, तर जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसलेली. एक बूट काढलेला, अंगठ्याचं नख काळंनिळं.

"काय झालं? दुखतंय का?"

"दुखत नाहीये," ती म्हणाली. "पाय जागेवर आहेत हो. पण आत कोणी नाहीये."

त्या दिवशी दोन लिफ्ट बघायच्या होत्या, त्या सोडून मी मास्तरांचं घर गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना घड्याळ लावून पळू देऊ नका," ते म्हणाले. "शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. धाप लागून वाक्य तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला."

"ती एकटीच पळते. बोलणार कोणाशी?"

"मग तुम्ही कशासाठी आहात?"

मी तिसरा मजला चढताना दोनदा टेकतो. माझ्याच्याने पळणं शक्य नव्हतं. शेवटी काकूंच्या जावयाची सायकल मागून आणली आणि तिसऱ्या आठवड्यापासून पहाटे तिच्या बाजूने चालवू लागलो. तिच्या वेगाला सायकल इतकी सावकाश चालवावी लागायची की दोनदा मी नुसता उभ्याउभ्या आडवा झालो. दुसऱ्यांदा ती हसली. तेवढंच.

"बोल काहीतरी," मी म्हणायचो.

"काय बोलू?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पहिल्या दिवशी आम्ही गळक्या नळावर बोललो. दुसऱ्या दिवशी, नळवाला येत कसा नाही यावर. तिसऱ्या दिवशी तिने रोलरवरच्या नव्या साहेबांची नक्कल केली. मग विषयच संपले. सव्वीस वर्षांच्या संसारात वीस मिनिटं पुरेल इतकंही बोलणं नसावं, याची मला तिथे सायकलवर शरम वाटली.

असे दोन आठवडे गेले. एका सकाळी ती आपणहूनच म्हणाली, "मास्तरांचा तो नियम काय आहे हो? एका किलोमीटरला एक दिवस?"

"हो. बेचाळीसला बेचाळीस."

तिचे बूट तेवढे एका लयीत वाजत होते.

"मी आईंचं चार वर्षं केलं," ती म्हणाली. "त्या सोमवारी गेल्या. शुक्रवारी मी रोलरवर उभी होते."

माझा पाय पेडलवरून सुटला. सायकल सावरून पुन्हा तिला गाठलं.

"तूच म्हणालीस ना, घरात बसवत नाही म्हणून?"

"म्हणाले. आणि तुम्ही लगेच बरं म्हणालात." आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तेव्हा कोणी नुसतं विचारलं असतं ना, दमलीस का गं, तर मी तिथेच बसले असते. पण कोणी विचारलं नाही. आणि सासूचं करून दमले म्हणायचं तरी कोणाला? पळायला लागले ते काही अंगात फार जोर आला म्हणून नाही. पळून आलं की दमलेलं चालतं. कोणी काही म्हणत नाही."

एवढं सगळं बोलली, पण एक वाक्य कुठे तुटलं नाही. मास्तरांच्या हिशेबाने वेग अगदी बरोबर होता.

आता मी बोलायला हवं होतं. काय वाट्टेल ते चाललं असतं. मी म्हणालो, "पुढे खड्डा आहे, जपून."

ती खड्ड्याला वळसा घालून पुढे गेली.

त्यानंतर आम्ही पुन्हा नळावर बोलत राहिलो. ती रोज पळत होती, पाय सुधारले होते, नखही नवं येत होतं. मास्तर खूश होते. मी मात्र लिफ्टच्या शाफ्टमध्ये उभा राहून तेच तेच आठवत होतो. आई गेल्यावर चौथ्या दिवशी मी घरी होतो. कामाला निघालेल्या हिला मीच दार उघडून दिलं होतं, आणि येताना दूध आण म्हणून सांगितलं होतं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तिने बूट, मोजे काढून ठेवले. "पाचला उठवा हं," म्हणाली. मी बरं म्हटलं.

पाचला चहा घेऊन आत गेलो. ती कुशीवर झोपली होती, गालाखाली हात, तोंड किंचित उघडं. हाक मारली की उठली असती. चार वर्षं आईच्या एका हाकेला ती अशीच उठत होती. नाही उठवलं तर शर्यत चुकणार, कदाचित पळणंच सुटणार, घर पुन्हा गप्प होणार, हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. मला भीती वाटत होती. मी चहा बाहेर आणला आणि स्वतःच पिऊन टाकला.

सव्वासहाला मास्तरांचा फोन आला.

"अहो, कुठे आहात? दहा मिनिटांत सुरू होतंय!"

"ती येणार नाही आज," मी हळू आवाजात म्हटलं. "दमलीय."

"मॅरेथॉनचं अजून? दीड महिना होऊन गेला की."

"ते नाही मास्तर. त्याच्या आधीचं आहे."

फोन ठेवून वळलो तर ती दारात उभी. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. आता ओरडणार म्हणून मी तयारीत राहिलो. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग पडू का अजून जरा?" तिने विचारलं.

हे तिला मला विचारावं लागत होतं. मी मान डोलावली, आत गेलो आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.