शंभर वॅटचा समुद्र

आमच्या बोईसरच्या घरात समुद्र आणण्याची तशी काही गरज नव्हती. तो सहाएक मैलांवर तारापूरला होताच.

पण धाकट्या बहिणीला, कुसुमला, बघायला विजेचा इंजिनिअर येणार होता! तारापूरला मोठ्या प्रकल्पाचं काम चाललं होतं, तिथला. नुसत्या पोह्यांनी इंजिनिअरवर काय छाप पडणार? मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. (शिकवणारा; समजणारा असं म्हटलेलं नाही.) ठरवलं, बैठकीत काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्याचा समुद्र करायचा, जिवंत प्रवाळांसकट!

रविवारी ओहोटीच्या वेळी तारापूरच्या खडकांवर गेलो. तिथे जनाबाई कोळीण कालवं फोडत बसली होती.

"मास्तर, काय शोदता?"

"पोवळी!"

"ती सोनाराकडं मिलतात. हितं दगड हायेत."

मी तिला प्रवाळावर पाठ दिला. तिनं तो कालवं फोडता फोडता ऐकला. मग मी एक बोटाबोटांचा प्रवाळ निवडला, एक फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा आणि तिसरा भोकाभोकांचा, त्यावर नारिंगी झुबके. काय रंग! मी तर नाचायचाच बाकी होतो.

"ह्यो भोकांचा नका नेऊ," जनाबाई म्हणाली. "आत कोन तरी रातंय."

"अहो, प्रवाळ म्हणजे जीवच असतो!"

"असंल. पन आतला जीव भायेर येनारा हाय!"

अडाण्यांशी वाद कशाला, म्हणून तोच दगड आधी पिशवीत टाकला.

दुधाच्या दोन कॅनमधून समुद्राचं पाणी आणलं, पेटी भरली आणि वर चाळीसचा दिवा लावला. प्रवाळ भिजलेल्या विटांसारखे दिसू लागले. साठचा लावला, विटा जरा बऱ्या दिसल्या. मग शंभरचा लावला आणि त्यावर निळा जिलेटीनचा कागद! अहाहा! साक्षात पाताळ! मी घरात सगळ्यांना हाका मारल्या.

सौ.नं पाण्यात बोट घातलं. "अहो, यात आता तांदूळ टाकू का?"

दोन दिवसांत गड्डा पांढरा पडला आणि घराला वास येऊ लागला. मी उदबत्त्या वाढवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले.

निळा उजेड खुलावा म्हणून मी खिडक्या बंद केल्या होत्या. मुलाच्या आईला मानाची खुर्ची दिली, पेटीला अगदी खेटून.

त्यांनी नाकाला पदर लावला. "इथं जवळपास बोंबील वाळत घालतात का हो?"

"तारापूरचा वारा!" मी म्हणालो.

"खिडक्या तर बंद आहेत."

मी घाईघाईनं दिव्याचं बटण दाबलं. पाताळ उजळलं. इंजिनिअर पुढे वाकून म्हणाला, "वा! हे वायरींचं जोडकाम कुणी केलं?" 

मी छाती फुगवली. (त्याच्या स्वरात कौतुक नव्हतं, भीती होती, हे मला पुढे कळलं.)

तेवढ्यात कुसुम पोहे घेऊन आली. मी हात जोडले, आवाज भरून आणला आणि त्याच्या आईला म्हणालो, "आता आमची मुलगी पदरात घ्या."

आणि त्यांच्या पदरात खेकडा पडला!

तापल्या पाण्याला कंटाळून भोकातला भाडेकरू केव्हाच वायरीवरून वर चढला होता. बाई किंचाळून उठल्या, त्यांचं कोपर दिव्याच्या दांड्याला लागलं, दिवा पाण्यात! फट्ट! अंधार! पोहे माझ्या टोपीवर! खेकडा इंजिनिअरच्या बुटावर!

"वायर वर काढतो," म्हणत त्या गोंधळात इंजिनिअरनं थेट पाण्याकडे हात नेला.

"हात लावू नका!" कुसुम एवढ्या जोरात ओरडली की तो पुतळ्यासारखा थांबला. "आधी मेन बंद करू द्या!"

ताट फेकून ती मधल्या दारापर्यंत धावली, स्टुलावर चढली आणि खटका ओढला. मग खिडक्या उघडल्या, खेकड्याला पाठीमागून चिमटीत धरलं आणि बादलीत सोडलं. मी तोवर पलंगावर उभा होतो.

माणूस जाता जाता वाचला होता, आणि स्थळ तर गेलंच होतं.

इंजिनिअरच्या आई खुर्चीत टेकल्या. म्हणाल्या, "मुली, इकडे ये." कुसुम खाली मान घालून गेली. "माझा मुलगा रोज विजेत हात घालतो. त्याला ओरडून थांबवणारी कुणीतरी पाहिजेच होती!"

इंजिनिअर लाजला. कुसुम लाजली. मी आनंदानं पलंगावरून उडीच मारली!

"माझी एकच अट आहे," तो म्हणाला.

"बोला, काय वाटेल ते!"

"लग्नातली रोषणाई तुम्ही करायची नाही."

मी शब्द पाळला. मांडवात मला पाणी वाढायचं काम दिलं होतं, आणि माझ्या हातातल्या प्रत्येक तांब्यात पाहुणे आधी डोकावून पाहत होते.